शेजारी निवडता येत नाही

ज्याचे वागणे आपल्याला अमान्य आहे, अशा शेजाऱ्याशी सलोख्याचा करार करावा काय? ती नीती की केवळ तडजोड? मध्य अमेरिकेतील पाच छोट्या राष्ट्रांना १९८० च्या दशकात या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले.

तो शीतयुद्धाचा काळ होता. निकाराग्वाच्या सँडिनिस्टा सरकारला सोव्हिएत संघ व क्यूबाचा आधार होता. त्याविरुद्ध लढणाऱ्या ‘कॉन्ट्रा’ बंडखोरांना अमेरिकेचा पैसा व होंडुरासची भूमी मिळत होती. एल साल्वादोर आणि ग्वाटेमाला यादवीत होरपळत होते. शस्त्रे परक्यांची, प्रेते मात्र घरची. सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो १९८० मध्ये मिस्सा अर्पण करीत असतानाच गोळीला बळी पडले.

मे १९८६ मध्ये पाचही राष्ट्राध्यक्ष ग्वाटेमालातील एस्किपुलास येथे जमले. क्रूसावरील ‘काळ्या ख्रिस्ता’च्या मूर्तीमुळे हे गाव साऱ्या प्रदेशाचे तीर्थक्षेत्र आहे. पुढे ७ ऑगस्ट १९८७ रोजी, कोस्टा रिकाचे अध्यक्ष ऑस्कर आरियास यांच्या योजनेच्या आधारे करार झाला. शस्त्रसंधी, मुक्त निवडणुका, आणि आपली भूमी शेजाऱ्याविरुद्ध कोणालाही वापरू न देणे, ही त्यातील प्रमुख वचने. ती सर्वांना सारखीच लागू होती.

कोणी कोणाची विचारसरणी स्वीकारली नाही. ‘तू आधी सुधार’ असे म्हणणे सोपे असते. ‘माझ्या अंगणातून तुझ्या घरावर दगड येणार नाही’ हे वचन कठीण. परंतु ते पाळणे आपल्याच हाती असते. या कराराचे नैतिक बळ तेथेच आहे. निकाराग्वात १९९० मध्ये मतपेटीने सत्तांतर झाले. एल साल्वादोरमध्ये १९९२ साली आणि ग्वाटेमालात १९९६ साली शांतता करार झाले.

तथापि करारावर सही करणाऱ्या दानिएल ओर्तेगा यांच्याच पुढील राजवटीत, २०२३ साली, बिशप रोलांदो आल्वारेस यांना २६ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना देशाबाहेर रोमला पाठविण्यात आले. मग तो करार व्यर्थ होता काय? नाही. त्याने युद्धाची वाट रोखली. न्याय आणण्याचे काम मात्र उरलेच.

शेजाऱ्याच्या घरावर दगड न फेकणे ही शेजारधर्माची पहिली पायरी आहे. त्या घरातील आक्रोश ऐकून आपले दार लावून न घेणे, ही दुसरी. पहिल्या पायरीवरच थांबणाऱ्याला शांतता लाभेल. पण प्रभूने सांगितलेला शेजारी होण्यास त्याला अजून एक पाऊल टाकावेच लागेल.