पादस्पर्शाचा विवेक

इंदूर हे माळव्याच्या पठारावर वसलेले शहर. समुद्र येथून शेकडो मैल दूर. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने, समुद्राच्या तळाशी पोहणाऱ्यांनी पायांत काय घालावे या प्रश्नावर लेखणी उचलावी, हे वाचकांस काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु हा प्रश्न आम्ही हौसेने शोधून काढलेला नाही. तो आमच्या भाच्याने आमच्यापुढे टाकला आहे. आमच्यासारखी कित्येक कुटुंबे कोकण-गोव्याकडून निघून माळव्यात स्थायिक झाली, तरी कुलदेवतेची ओढ काही सुटली नाही. वर्षा-दोन वर्षांनी गोव्यास देवदर्शनाला जावे आणि परतीच्या वाटेवर मालवणास चार दिवस राहावे, हा आमच्या घरचा परिपाठ. तेथेच काही वर्षांपूर्वी, चाळिशी उलटल्यावर, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाण्याची विद्या आम्ही शिकलो. आता भाचा ती शिकत आहे. तो परवा म्हणाला, "मामा, स्वतःचे फिन घ्यायचे आहेत. सलग पात्याचे घेऊ की मधोमध चिरलेले? दुकानदार म्हणतो, माझ्या गुडघ्याला चिरलेलेच सोसतील."

"जे सोसतील ते घे" हे उत्तर आमच्या अगदी ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले. का गिळले, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

फिन म्हणजे पाण्यात पायांना चढवायचे रबराचे वा प्लास्टिकचे वल्हे. माणसाचा पाय चालण्यासाठी घडला आहे, पाणी ढकलण्यासाठी नव्हे. म्हणून ही उणीव भरून काढण्याची खटपट फार जुनी आहे. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या बालपणी लाकडाच्या लंबगोल फळ्या हातात धरून पोहून पाहिले. वेग वाढला, पण मनगटे दुखू लागली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. पायांत घालायच्या रबरी फिनचे पेटंट 1933 साली फ्रान्समध्ये लुई द कॉर्ल्यू यांनी घेतले. 1943 साली कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे आपले यंत्र सिद्ध केले आणि माणूस माशांच्या वस्तीत मनसोक्त हिंडू लागला. मधोमध चिरलेले फिन मात्र अगदी अलीकडचे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही वर्षांत ते बाजारात आले.

या चिरलेल्या फिनची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. सलग पाते पाण्याला पाटीसारखे ढकलते. पाणी हवेहून सुमारे आठशे पट दाट. तेव्हा त्या ढकलण्याचा सगळा भार घोट्यावर, गुडघ्यावर आणि मांडीवर येतो. पाते मधून चिरले की पायाच्या प्रत्येक हेलकाव्यात दोन्ही अर्धी पाती किंचित वळतात, पाणी फटीतून निसटते आणि पायाला होणारा विरोध कमी होतो. दोन्ही पाती पंखांप्रमाणे काम करून माणसाला पुढे ओढतात, असेही त्यांचे निर्माते सांगतात. पाय आलटून-पालटून, लहान लहान झोक्यांनी हलवीत राहिले की माणूस फारसा न दमता पुढे सरकतो. ज्यांचे सांधे दुखतात, पायांत पेटके येतात, वय झाले आहे, त्यांना ही मोठीच सोय वाटते, आणि ती खोटी नाही.

परंतु जे पाते पाण्याला सहज वाट देते, ते पाण्याला घट्ट धरीत नाही. बेडकाप्रमाणे दोन्ही पाय बाजूंना फाकवून मागे ढकलणे, जागच्या जागी वळणे, पाय उलटे वल्हवून मागे सरकणे, या हालचालींना ताठ, सलग पाते लागते; चिरलेले पाते तेथे ढिले पडते. जोराच्या ओढीविरुद्ध जाण्यासही ते पुरे पडत नाही, असा पुष्कळ जाणत्या पाणबुड्यांचा अभिप्राय आहे. थोडक्यात सांगावयाचे तर चिरलेला फिन पुढे जाण्याचे सुख देतो आणि थांबण्याचे, वळण्याचे व मागे येण्याचे सामर्थ्य थोडे काढून घेतो.

हे ज्ञान आम्हांस पुस्तकातून झाले नाही. आमचाही उजवा गुडघा बरा नाही. म्हणून आम्हीही चिरलेलेच फिन घेतले होते, आणि त्यावर फार खूष होतो. एका जानेवारीत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात आम्ही उतरलो. खडकांच्या दोन रांगांमध्ये वाळूची एक चिंचोळी वाट होती, आणि एका बाजूस प्रवाळाचे, म्हणजे जिवंत पोवळ्यांचे, गोल थर वाढलेले होते. एक मासा पाहण्याच्या नादात आम्ही त्या वाटेत शिरलो, आणि पुढे जागा नाही हे ध्यानात आल्यावर मागे फिरू लागलो. फिरता येईना. तेव्हा घाबरून आम्ही जोरजोराने पाय मारले. तळाची वाळू उसळली, डोळ्यांसमोर पिवळट धुके दाटले, आणि फिनचे टोक कशावर तरी आपटल्याचे पायाला जाणवले. वाटाड्याने आमची टाकी धरून आम्हांस वर उचलले. पाणी निवळल्यावर पाहिले, तो तळव्याएवढा एक तुकडा मोडून वाळूत पडला होता, आणि उरलेल्या थरावर आम्ही उडवलेली वाळू संथपणे बसत होती.

होडीत चढल्यावर तो मालवणी तरुण रागावला नाही. इतकेच म्हणाला, "सायबानू, पाय तुमचो, पण धुरळो तेंच्या तोंडात." आमच्या वकिलीच्या आयुष्यात एवढ्या कमी शब्दांत मांडलेला फिर्यादीचा अर्ज आम्ही पाहिलेला नाही.

"तेंच्या तोंडात" ही काही अलंकारिक भाषा नव्हे. प्रवाळ हा दगडही नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. चिमुकल्या तोंडांच्या असंख्य जीवांची ती वसाहत असते. त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशावर अन्न बनवितात आणि यजमानाला त्यात वाटा देतात. वर वाळू बसली की प्रकाश अडतो, आणि ती झटकून टाकण्यात त्या जीवांची शक्ती खर्च होते. अशा गोल, भरीव प्रवाळांची वाढ वर्षाकाठी साधारण सेंटीमीटरभर. म्हणजे आम्ही एका लाथेने जो तुकडा मोडला, तो बनण्यास बहुधा काही वर्षे लागली असतील. पाणबुड्यांचा प्रवाळाला जो धक्का लागतो तो हातांपेक्षा फिननेच अधिक लागतो, असे ठिकठिकाणच्या निरीक्षणांत आढळले आहे. आणि हे साहजिक आहे, कारण माणसाचे डोळे पुढे असतात आणि फिन मागे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मालवणचा हा परिसर 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली कठीण प्रवाळांचा समावेश झाला. या अनुसूचीत वाघ आहे. त्याच पंक्तीत हा मूक जीव बसविला गेला. कायद्याने आपले काम केले. परंतु कायद्याच्या हाताला एक मर्यादा असते. कोणी प्रवाळ खणून पिशवीत भरले तर कायदा त्याला धरील. पण हौसेने उतरलेल्या शेकडो माणसांनी रोज थोडी थोडी वाळू उडवली, तर कोणाविरुद्ध, कोणत्या पुराव्यावर खटला भरावा? प्रत्येकाचा दोष इतका लहान की तो तराजूत दिसत नाही, आणि सर्वांचा मिळून इतका मोठा की तळ गुदमरतो. जेथे कायद्याचा हात पोचत नाही, तेथे विवेकाचाच अंमल चालला पाहिजे. नाहीतर कोणाचाच चालत नाही.

आणि आपल्यासारख्या देवळाशी बांधलेल्या समाजाला या विवेकाची तोंडओळख नव्याने करून द्यावी लागू नये. सकाळी अंथरुणातून उठल्यावर जमिनीवर पाऊल टाकण्यापूर्वी भूमातेची क्षमा मागण्याची चाल आमच्या आजीने आम्हांस लावली. त्या प्रार्थनेत भूमीला समुद्राचे वस्त्र नेसलेली म्हटले आहे आणि आपल्या पायांचा स्पर्श तिने सोसावा अशी विनवणी केली आहे. आम्ही ते शब्द वर्षानुवर्षे म्हटले. पण त्या वस्त्राच्या आत उतरण्याचा दिवस आल्यावर ते आम्हांस आठवले नाहीत. देवळात आपण पादत्राणे बाहेर काढून ठेवतो. सभामंडपात दगडाचे कासव असते, त्याला नमस्कार करून, त्याच्यावर पाय पडू न देता बाजूने जातो. समुद्रात मात्र आम्ही हातभर लांबीची पादत्राणे चढवून शिरलो, आणि दुकानात ती निवडताना एकच प्रश्न विचारला: माझ्या पायाला कशी वाटतात? ज्यांच्यावरून ती जाणार होती त्यांना कशी वाटतील, हे विचारण्याचे सुचलेदेखील नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. गुडघ्याचे दुखणे काही खोटे नसते. ज्याचा सांधा दुखावला आहे त्याने प्रवाळासाठी वेदना सोसावी काय? भाच्याचा गुडघा फुटबॉल खेळताना दुखावला. बेडकासारखे पाय मारताना गुडघ्याला जो पीळ पडतो, तोच नेमका त्याला सोसत नाही. म्हणजे जी चाल तळाला सोसते ती त्याला सोसत नाही, आणि जी त्याला सोसते ती खाली वाळू उडवते. शरीर हेही एक देवालयच आहे, असे आपले साधुसंत सांगत आले. त्याला पीडा देऊन पुण्य जोडावे, हा उपदेश आम्ही कोणालाही करणार नाही. शिवाय सलग फिन घातले की माणूस निर्दोष झाला, असेही नाही. अडाणी पायांत ताठ आणि जड पाते हे ढिल्या पात्याहून अधिक घातक ठरते. त्याची एकच लाथ पुरे. तेव्हा दोष फटीचा नाही. फिनची एक जात पापी आणि दुसरी पुण्यवान असा निवाडा देणे सोपे आहे, पण तो अपिलात टिकणार नाही.

मग दोष कोठे होता? आम्ही आमचाच खटला पुनःपुन्हा तपासला. चिरलेले फिन घेतले हा आमचा अपराध नव्हता. ते घालून जेथे जाऊ नये तेथे आम्ही गेलो, हा अपराध होता. जे साधन मागे फिरू देत नाही ते घेऊन चिंचोळ्या वाटेत शिरण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. सोय आम्ही घेतली, पण सोयीबरोबर जी मर्यादा येते ती दुकानातच ठेवून आलो. आमच्या मते या सगळ्या प्रश्नाचे सार एवढेच आहे की, ज्याने आपल्या सुखासाठी सवलत घेतली, त्याने दुसऱ्याच्या रक्षणासाठी तेवढे अंतर राखले पाहिजे. सवलत आणि अंतर ही जोडीनेच घ्यावयाची वस्तू आहे. एक घेऊन दुसरी टाकता येत नाही.

हा नियम पाण्याखालीच लागू पडतो असे नाही. ज्याची गाडी चटकन थांबत नाही त्याने गर्दीच्या गल्लीत ती घालू नये. ज्याची जीभ आवरत नाही त्याने घरच्या नाजूक भांडणात पंच होऊ नये. गतीची साधने आपल्या पिढीस उदंड मिळाली. परंतु थांबण्याची शक्ती कोणत्याच दुकानात मिळत नाही. ती अभ्यासानेच मिळवावी लागते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञासाठी कासवाचा दृष्टान्त योजला आहे, तो त्याच्या पोहण्यासाठी नव्हे. वेळ येताच सर्व अवयव आत ओढून घेण्याच्या त्याच्या सामर्थ्यासाठी.

भाच्याला आम्ही शेवटी असे सांगितले: "दुकानात पैसे मोजण्यापूर्वी दोन्ही जातींचे फिन भाड्याने घेऊन वापरून पाहा. गुडघा खरोखरच तक्रार करीत असेल तर चिरलेलेच घे, आणि मनात अपराधी भावना ठेवू नकोस. मात्र आधी येथल्या तरणतलावात पाय अजिबात न हलवता, नुसत्या श्वासाच्या बळावर, पाण्याच्या मधोमध स्थिर राहण्यास शीक. फरशीवर एक नाणे ठेव आणि हातभर उंचीवरून ते पाहत राहा, ना वर ना खाली. ते साधले की समुद्रात जा. तेथे तळापासून पुरुषभर उंचीवर राहा. पाय गुडघ्यात दुमडून वर धर आणि लहान झोके घे. दोन खडकांमधली वाट कितीही सुंदर दिसली तरी ती सध्या तुझी नाही असे समज. दुरून दर्शन घेणे हे काही कमी दर्शन नव्हे."

तो क्षणभर गप्प राहिला; मग म्हणाला, "म्हणजे गाभाऱ्यात शिरायचे नाही, उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायचे."

आम्ही इतका वेळ ज्या वाक्याच्या शोधात होतो ते त्याने सहज उच्चारले. या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, समुद्र निवळला की, आम्ही दोघे मालवणास जाणार आहोत. आमचे जुने चिरलेले फिन आम्ही टाकून दिलेले नाहीत. गुडघा तोच आहे. फक्त ते पायांत चढवताना आजीने शिकविलेली ती क्षमेची प्रार्थना आता आम्ही होडीच्या काठावर बसून म्हणतो, आणि मगच पाण्यात उतरतो.