नवें अन्न आणि जुनी वेठ

जेवणापूर्वीं देवाचे उपकार मानण्याची चाल आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती घरांत लहानपणापासून लागते. ताट पुढें येतें, डोळे मिटतात, घरांतील वडील माणूस दोन वाक्यें बोलतो, आणि हात भाकरीकडे जातो. चाल उत्तम आहे. ती मोडावी असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तिच्या पोटीं एक प्रश्न आहे, आणि तो पावसाळ्याच्या दिवसांत आमच्या मनांत वारंवार येतो. देवाचे उपकार मानले म्हणजे अन्नाचें सारें देणें फिटतें काय? कीं देवाचें नांव घेऊन आपण दुसऱ्या कांहीं ऋणांवर पांघरूण घालितों? डहाणू व तलासरी या भागाकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं.

मृगाचा पाऊस पडतो न पडतो तोंच त्या बाजूच्या रानांत शेवळांचे कोंब वर येतात, बांधांवर टाकळा उगवतो, कुर्डू येतो, आणि कोवळी भाजी खुडावयास बाया टोपल्या घेऊन निघतात. हेच दिवस घरांतील कणगी तळाला जाण्याचे. गेल्या सालचा भात संपत आलेला, पुढचा अजून रोपांत. अशा वेळीं रान हेंच गरिबाचें कोठार. यांतील एकहि भाजी कोणी पेरिलेली नसते. तरी ती फुकट मिळते असें समजूं नये. शेवळें तशींच शिजविलीं तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यांचा खाजरा भाग काढून, तीं बारीक चिरून, काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेच्या कोळांत शिजवावीं लागतात. कडू कांदाचें काम याहून अवघड. त्याचे काप करून, राखेबरोबर उकडून, ते वाहत्या पाण्यांत रात्रभर ठेवावे लागतात, तेव्हां कोठें ते तोंडांत घालण्यासारखे होतात. हें ज्ञान कोणत्या शाळेंत मिळालें? कोण्या काळच्या भुकेल्या आईनें तें शोधून काढिलें, आपल्या मुलीस दिलें, आणि तिनें आपल्या मुलीस. रान देवानें दिलें हें खरें. पण त्या खाजऱ्या कोंबाचें अन्न करणारीं माणसें मध्यें आहेत, आणि आपल्या दोन वाक्यांच्या प्रार्थनेंत त्यांस बहुधा जागा नसते.

आतां आपले वारली शेजारी काय करितात तें पाहूं. पहिली कोवळी भाजी देवापुढें ठेविल्याखेरीज पुष्कळ घरांत ती चाखीत नाहींत. भाताचेंहि तसेंच. लोंब्या पिकून लवल्या, घरांत मूठभर दाणा नाहीं, तरी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, नवें वाहिल्यावांचून नवें खावयाचें नाहीं. कित्येक ख्रिस्ती माणसें यास भोळेपणा म्हणून हंसतात. हंसणाऱ्यांनीं लेवीयाचा २३ वा अध्याय उघडून १४ वें वचन पाहावें. इस्राएल लोकांसहि हाच निर्बंध होता: पहिली पेंढी देवापुढें येईपर्यंत भाकर नाहीं, भाजलेला दाणा नाहीं, हिरवीं कणसें नाहींत. कणसरी व इस्राएलाचा देव एक नव्हेत, हें आम्ही या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु भुकेल्या माणसानें पिकलेल्या शेताच्या कांठीं थांबावें, आणि हें मी केलेलें नव्हे, मला मिळालेलें आहे, असें आपल्या पोटाकडून आधीं कबूल करून घ्यावें, ही शिस्त दोहोंकडे सारखीच आहे. बाजारांतून पिशवीभर तांदूळ आणून घाईघाईनें आमेन म्हणणाऱ्यानें हंसण्यापूर्वीं ती थोडी शिकून घ्यावी.

मग त्या सणाच्या दिवशीं शेजारणीनें नव्या तांदळाचें पीठ व काकडीचा कीस पानांत वाफवून आणून दिला, तर ख्रिस्ती घरानें काय करावें? अशा प्रश्नावरून मंडळ्यांत अबोले धरले जातात. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १० व्या अध्यायांत याचें उत्तर सरळ दिलें आहे. पुढें वाढलेलें खावें, खोदखोदून विचारूं नये. मात्र हें मूर्तीस वाहिलेलें आहे असें कोणी मुद्दाम सांगितलें, तर सांगणाऱ्याच्या मनाकरितां हात आवरावा. आमच्या मतें शेजारीण प्रेमानें आणिते तेव्हां ती तुमची परीक्षा घ्यावयास आलेली नसते. पान घ्यावें, खावें, आणि नाताळाच्या दिवशीं तिच्या घरीं भरलेलें ताट पाठवावें. याहून अधिक शाई या गोष्टीवर खर्चण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

अधिक जड गोष्ट निराळीच आहे. तलासरी तालुक्यांतील झरी हें गांव नकाशावर शोधावें लागतें. त्या गांवीं २३ मे १९४५ रोजीं किसान सभेच्या वतीनें आदिवासींची परिषद भरली. सुमारें पांच हजार माणसें जमलीं, आणि यापुढें वेठ करावयाची नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. शामराव परुळेकर व गोदावरी परुळेकर हीं पतिपत्नी त्या चळवळीचे पुढारी होतीं. गोदावरीबाईंनीं तिची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या नांवाच्या पुस्तकांत लिहून ठेविली, आणि १९७२ सालीं त्या पुस्तकास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. वेठ म्हणजे काय हें आजच्या तरुण वाचकांस सांगितलें पाहिजे. पाऊस पडला कीं जमीनदाराचा माणूस पाड्यावर येई. आधीं मालकाची नांगरणी, आधीं मालकाची लावणी. आपल्या तुकड्याकडे वळावयाचें तें उरलेल्या दिवसांत. लावणी उशिरां झाली म्हणजे भात हलका येतो, हें शेतकऱ्यास ठाऊक आहे. लग्नाकरितां कर्ज काढिलेल्या गड्यानें बायकोसह तें फिटेपर्यंत, म्हणजे पुष्कळदां जन्मभर, धनकोच्या घरीं राबावें; अशा गड्यास लग्नगडी हें नांवच पडलें होतें. त्याच सालच्या ऑक्टोबरांत गवत कापणाऱ्यांनीं ५०० पौंड गवतास अडीच रुपये मजुरी मागितली. १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड व आणखी चार जण मरण पावले.

आतां हीं दोन चित्रें एकापुढें एक ठेवा. कणसरीपुढें मूठभर नवा भात ठेवणारा माणूस आपल्या पिकाचा पहिला भाग आपल्या हातानें देतो आणि उरलेला आपल्या मुलांबरोबर खातो. वेठींतहि पहिला भाग जातो: पावसाचा पहिला दिवस, बैलांचें पहिलें बळ, बाईच्या हातची पहिली लावणी. परंतु तो कोणी देत नाहीं, तो घेतला जातो. आणि घेणारा देव नसून शेजारचा माणूस असतो. प्रथमउपजेचा याहून मोठा विपर्यास आम्हांस ठाऊक नाहीं. देवाची जागा जमीनदारानें घेतली होती, असें म्हटलें तर तें अलंकारिक बोलणें होणार नाहीं.

हें शास्त्राला नवें नाहीं. अनुवादाच्या २६ व्या अध्यायांत प्रथमउपजेची टोपली घेऊन येणाऱ्यानें काय बोलावें हें नेमून दिलें आहे. त्यानें पीक चांगलें आलें एवढेंच म्हणून परतावयाचें नाहीं. त्यानें आपल्या भटक्या पूर्वजापासून आरंभ करावयाचा. मग मिसरांत आपणांवर कसा जुलूम झाला, कशी कठीण चाकरी लादली गेली, आपण कसा आक्रोश केला व देवानें तो कसा ऐकिला, हें सारें टोपली ठेवितांना मोठ्यानें सांगावयाचें. म्हणजे उपकारस्तुतीच्या शब्दांतच वेठीची आठवण शिवून टाकिली आहे. ज्या आजोबांनीं मालकाच्या शेतांत पहिला पाऊस घालविला, त्यांचा नातू आज आपल्या शेताच्या भातावर प्रार्थना करीत असेल, तर त्या प्रार्थनेंत आजोबा आले पाहिजेत.

कोणी म्हणेल, ती परिषद लाल बावट्याची. उपासनेंत तिचें नांव कशाला? या शंकेंत तथ्य मुळींच नाहीं असें नाहीं. राजकारणाचे वाद देवळांत आणिले म्हणजे मंडळी फुटते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु याकोबानें आपल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत, शेतें कापणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी ओरडते व तें ओरडणें देवाच्या कानीं पोहोंचतें, असें लिहिलें. तें कोणत्या बावट्याखालून आलें हें तो विचारीत बसला नाहीं. दुसरी शंका अधिक खोल आहे. जुन्या जुलुमाची आठवण रोज ताटावर काढली तर अन्न कडू होणार नाहीं काय? होईल, जर आठवण आपल्या वैऱ्यापाशींच थांबली तर. अनुवादांतील तो माणूस बोलणें संपल्यावर लेवीयास व परक्यास आपल्याबरोबर आनंद करावयास बोलावितो. आणि त्याच पुस्तकाच्या २४ व्या अध्यायांत शेतांत विसरलेली पेंढी गरिबासाठीं राहूं द्यावी असें सांगून कारण दिलें आहे तें हेंच, कीं तूं मिसरांत दास होतास. ज्याला वेठ आठवते त्यानें दुसऱ्यास वेठीस धरूं नये, एवढ्याकरितां ती आठवण आहे.

आणि येथें गोष्ट आपल्या अंगणांत येते. कायद्यानें वेठबिगारी १९७६ सालीं बंद झाली. तरी उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारीं कुटुंबें ठाणें व पालघर जिल्ह्यांत आहेत, आणि उचलीचा हिशोब बहुतेक एकाच वहींत असतो, ती वही मालकाची. दूर कशास जावें? आपल्याच मंडळ्यांत एका घरीं पंप आहे, दोन एकर अधिक आहे, आणि दुसऱ्या घरच्या बाया तेथें लावणीस जातात. मजुरी पुढच्या आठवड्यांत देऊं, असें सांगितलें जातें. पुढचा आठवडा येतो, कापणीचा सण येतो, आणि त्याच शेतांतील भाताची टोपली फुलें लावून उपासनेच्या मेजावर ठेविली जाते. ती बाई मागच्या चटईवर बसून तीच टोपली पाहत असते. मत्तयाच्या ५ व्या अध्यायांत प्रभूनें दानाविषयीं जें सांगितलें तें अशा घरमालकानें घरीं जाऊन वाचावें. त्यानें तोंवर टोपली मेजाखालीं ठेविली तरी चालेल.

आमची सूचना साधी आहे. कापणीच्या सणाच्या आदल्या शनिवारीं, सूर्य मावळण्यापूर्वीं, ज्यानें त्यानें आपल्याकडील मजुरी चुकती करावी, आणि पंचांनीं तसें विचारून घ्यावें. रविवारीं टोपल्या पुढें येण्याअगोदर गांवांतील एखाद्या म्हाताऱ्या माणसानें उभें राहून आपल्या वडिलांच्या वेळीं लावणी कशी होत असे तें सांगावें. दहा मिनिटें पुरेत. आणि घरीं, रोजच्या जेवणास, चुलीपाशीं बसलेली बाई हात पुसून ताटाशीं येईपर्यंत प्रार्थनेस आरंभ करूं नये. भाकर थोडी निवेल.