बापाने काय सांगावे?

फेब्रुवारी महिना आला की आमच्या शाळेत उपदेशाचा हंगाम सुरू होतो. दहावीच्या मुलांचा निरोपसमारंभ ठरतो. मुले वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचे घड्याळ भेट देतात (अशी सात घड्याळे आमच्याकडे साठली आहेत आणि प्रत्येकाची वेळ निराळी आहे), आणि मग मुख्याध्यापकांपासून पाहुण्यांपर्यंत ज्याला ज्याला बोलता येते तो तो त्या मुलांना आयुष्यात कसे वागावे ते सांगतो. मीही सांगतो. गेली वीस वर्षे सांगत आलो आहे. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपाशी थांबले. आमच्या घरात तिला अजून मॅट्रिकच म्हणतात. पुढे चित्रकलेच्या परीक्षा देऊन मी मास्तर झालो आणि रिकाम्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. तेव्हा उपदेश करताना मला पदवीचे पाठबळ नसते, इतकेच.

यंदा मात्र माझीच थोरली मुलगी शाळेतून बाहेर पडली. पन्नास मुलांना एकदम उपदेश करायला काही लागत नाही. एका मुलीला करायला बसलो की जीभ अडखळते. असे का व्हावे, याचा विचार करता करता मी एका जुन्याच प्रश्नाशी येऊन पोचलो. बापाला उपदेशाचा अधिकार मुळात पोचतो का, आणि पोचत असेल तर कोठवर?

आमच्या शिक्षकांच्या खोलीत, पाण्याच्या माठाच्या वरच्या बाजूला, एक चौकट टांगलेली आहे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांत ती आढळते. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र. मराठी रूपांतर वसंत बापटांचे. बापटांची भाषा इतकी प्रासादिक आहे की ते पत्र मुळात मराठीतच लिहिले गेले असावे असे वाटते. ते वाचून डोळे ओले झालेले पालक मी पाहिले आहेत. पण ते पत्र लिंकनचे नव्हे. त्याचे समग्र लेखन १९५३ मध्ये आठ खंडांत छापून निघाले. त्यात हे पत्र नाही. कोणी तरी, कधी तरी ते रचले आणि थोर माणसाच्या नावावर चढवले.

हे कळल्यावर मी ते पत्र पुन्हा लक्षपूर्वक वाचले. तेव्हा ध्यानात आले की त्यातल्या मुलाला नाव नाही, वय नाही. तो गणितात कच्चा आहे की भित्रा आहे, हट्टी आहे की आळशी, काही पत्ता लागत नाही. सगळे सद्गुण त्याला शिकवायचे आहेत, आणि तेही हेडमास्तरांनी. बाप बाजूला उभा राहून यादी वाचतो आहे. असले पत्र कोणत्याही बापाला कोणत्याही मुलाविषयी लिहिता येईल, आणि म्हणूनच ते भिंतीवर टांगता येते.

खऱ्या लिंकनचे एक पत्र आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. त्याचा थोरला मुलगा रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेला बसला आणि सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. मग एक वर्ष एक्झेटरच्या शाळेत तयारी करून १८६० मध्ये तो आत गेला. पण त्याचा मित्र जॉर्ज लॅथम त्या वर्षी नापास झाला. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार होता. घरी माणसांची रीघ लागलेली असणार. त्या धामधुमीत, २२ जुलै १८६० रोजी, त्याने या परक्याच्या पोराला पत्र लिहिले. तू नापास झाल्याचे ऐकून मला जेवढे दुःख झाले तेवढे क्वचितच कशाने झाले असेल, असे त्यात आहे. खचू नकोस, निश्चय सोडू नकोस, असेही आहे. ते कोणीही लिहिले असते. परंतु पुढे तो म्हणतो की संस्थेचे अध्यक्ष सहृदय गृहस्थच असणार. त्यांची भेट घे, अडचण कशी दूर करायची ते ते सांगतील. या एका सूचनेसाठी मी भिंतीवरच्या सगळ्या चौकटी द्यायला तयार आहे. स्वतः सगळे मिळून वर्षभरही शाळेत न गेलेला हा माणूस, कॉलेजच्या दारावरून परत फिरलेल्या मुलाला कोणते दार ठोठवायचे ते सांगतो आहे.

आता, एकेका मुलाकडे पाहून केलेला उपदेश चांगला आणि घाऊक उपदेश वाईट, असे म्हणून हात झटकता आले असते तर हा लेख येथेच संपला असता. तसे नाही. जगात एकाच मुलाला उद्देशून सर्वांत अधिक उपदेश जर कोणी केला असेल तर तो इंग्लंडच्या लॉर्ड चेस्टरफील्डने. त्याला एक अनौरस मुलगा होता, फिलिप नावाचा. मुलगा अगदी लहान होता तेव्हापासून तो मरेपर्यंत बापाने त्याला चारशेहून अधिक पत्रे लिहिली. कसे बसावे, कसे बोलावे, बायकांची आणि मंत्र्यांची मर्जी कशी संपादावी, मोठ्याने हसणे कसे गावंढळपणाचे. काही म्हणून सोडले नाही. पत्रे हुशारीने भरलेली आहेत आणि त्यांत मायाही आहे, हे नाकबूल करणे अन्यायाचे होईल. मुलगा १७६८ मध्ये वारला. आणि तेव्हा बापाला कळले की त्याने लग्न केले होते. त्याला बायको होती, दोन मुलगे होते. चारशे पत्रे लिहिणाऱ्या बापाला मुलाने ही एक गोष्ट कळवली नव्हती. म्हाताऱ्याने नातवंडांची सोय केली, पण सुनेला काही ठेवले नाही. तो १७७३ मध्ये गेला, आणि पुढच्याच वर्षी त्या सुनेने ती सगळी पत्रे छापून विकली.

लोक या गोष्टीला हसतात. मला हसू येत नाही. त्या फिलिपच्या जागी स्वतःला बसवून पाहावे. दर टपालाला तू कसा असायला हवास याचे चित्र येते आहे, आणि आपण तसे नाही हे आपल्याला ठाऊक आहे. मग आपण जसे आहोत तसे घेऊन त्या दाराशी जायचे कसे? बापाच्या प्रत्येक शब्दाने त्या दाराला एकेक खिळा मारला जात होता, आणि बापाला वाटत होते की आपण वाट दाखवतो आहोत.

माझ्या वडिलांना, अण्णांना, एवढे बोलायची सवय नव्हती. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: कोणाला जामीन राहू नकोस. दुसरे काही सांगितले नाही. खरे बोल नाही, कष्ट कर नाही. कारण घरात सर्वांना माहीत होते. मी लहान असताना चुलतभावाच्या विहिरीवरच्या इंजिनाच्या कर्जाला ते जामीन राहिले. चुलतभावाने हप्ते थकवले, सोसायटीची माणसे आमच्या अंगणात आली, आणि आमची बैलजोडी विकली गेली. त्यांतला एक बैल पुढे दोन वर्षे आमच्याच वाटेवरून दुसऱ्याच्या गाडीला जुंपलेला जात असे. अण्णा तेवढा वेळ घरात जाऊन बसत.

असा उपदेश कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. त्याची किंमत बैलजोडीने मोजलेली होती. तरीही मी तो पाळला नाही. मी नोकरीला लागलो तिथे शिक्षकांची पतपेढी होती, आणि पतपेढीत कर्ज काढायचे तर दोन जामीनदार लागतात. शिक्षकाला दुसरा शिक्षक सोडून जामीन कोण राहणार? मी तुला, तू मला, अशीच ती सगळी रचना असते. ज्याने अंग चोरले त्याच्या बहिणीच्या लग्नाला कोणी सही देत नाही, आणि द्यावी तरी का? मी एका सहकाऱ्याला जामीन राहिलो. त्याच्या घरी आजारपण निघाले, हप्ते थांबले, आणि सहा महिने माझ्या पगारातून रक्कम कापली गेली. नंतर त्याने ती फेडली. आज पुन्हा प्रसंग आला तरी मी राहीन.

पण मला सांगायचे आहे ते पुढचे. पगार कमी का येतो हे अण्णांना सांगणे भाग होते. मी सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “किती हप्ते राहिलेत त्याचे?” मी आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता दोन पोती ज्वारी घरी आणून टाकली. मी सांगत होतो ना, हे वाक्य त्यांच्या तोंडून ना तेव्हा आले, ना पुढे कधी. मी पुष्कळ बाप पाहिले आहेत. हे वाक्य गिळणारा बाप विरळा. कादंबरीकार म्हणून मला हे विशेष जाणवते. कादंबरीत बापाचा उपदेश शेवटच्या प्रकरणात हटकून खरा ठरतो, कारण लेखणी त्याच्या बाजूची असते. मीही एका कादंबरीत मरणशय्येवरच्या बापाला दोन पाने बोलायला लावले आहे. वाचकांना ती पाने फार आवडली. मरणारी माणसे इतके बोलत नाहीत, हे एकालाही खटकले नाही.

अलीकडे एक मत पुष्कळ ऐकू येते की मुलांना काही सांगूच नये. त्यांचे आयुष्य त्यांचे आहे. हे मत सुशिक्षित घरांतून अधिक आढळते. वरवर ते उदार दिसते, पण मला त्यात थोडा पळपुटेपणा वाटतो. बैलजोडी कशी गेली हे ज्याला माहीत आहे त्याने मुलाला ते सांगायचे नाही, मग माहिती असून उपयोग काय? शिवाय न बोलणारा बापही सांगतच असतो. शेजाऱ्याचा मुलगा डॉक्टर झाल्याची बातमी तो कोणत्या आवाजात देतो, हे पोरे बरोबर ऐकतात. तेव्हा बोलावे हे बरे. प्रश्न उरतो तो ऐकले गेले नाही तर काय, हा.

आपल्याकडे याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अकराव्या अनुवाकात गुरू घरी निघालेल्या शिष्याला निरोप देतो. आजही विद्यापीठांच्या पदवीदानात तो म्हटला जातो. बहुधा सुरुवातीचा, खरे बोलण्याचा आणि धर्माने वागण्याचा भाग. पण पुढे गुरू असे सांगतो की आमची जी चांगली वर्तने असतील तेवढीच तू घे, इतर घेऊ नकोस. बारा-बारा वर्षे पाया पडणाऱ्या शिष्यासमोर हे म्हणायला छाती लागते. त्याहून पुढे तो म्हणतो, कसे वागावे याचा संशय पडला तर तिथे जे विचारी, मनाने रूक्ष नसलेले लोक असतील ते कसे वागतात ते पाहा. म्हणजे मला विचारायला ये असेही नाही. आपण जिथे नसू तिथे या मुलाला संशय पडणार, आणि त्या संशयाचे उत्तर आपल्याजवळ तयार नाही, हे त्याने समारंभातच मान्य करून टाकले आहे. तो गुरू होता, बाप नव्हता. त्याला ते जरा सोपे गेले असेल.

कारण बापाच्या उपदेशात आणखी एक माणूस लपून बोलत असतो. माझ्या मुलीला दहावीला चांगले गुण मिळाले. तिने सांगितले की मला आय.टी.आय.ला वीजतंत्रीच्या वर्गाला जायचे आहे; दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मी तिला कॉलेजचे महत्त्व सांगू लागलो. बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की हे कॉलेज तिला हवे आहे म्हणून मी सांगत नाही. जे मला पाहायला मिळाले नाही त्या कॉलेजच्या पायऱ्या मला तिच्या पायांनी चढायच्या आहेत. तिची आई म्हणाली, “खांबावर चढणारी मुलगी कोण करून घेईल?” तीही तिच्या परीने खरेच बोलत होती. आमच्या दोघांच्या भीतीला वेगवेगळी नावे होती, एवढेच.

तरी मी गप्प बसलो नाही. कॉलेज का हवे ते सांगितले, पदवी नसलेल्या माणसाला बढतीच्या वेळी कसे मागे बसावे लागते तेही सांगितले, नावे न घेता. अण्णांचा जामिनाचा उपदेश सांगितला आणि मी काय केले तेही सांगितले. तिने विचारले, “मग मी राहू की नको जामीन?” मी म्हणालो, तेव्हा माणूस पाहून ठरव. यावर ती म्हणाली की मग तुम्ही सांगितले काय? याला मजजवळ उत्तर नव्हते. अर्ज भरायच्या दिवशी पालकाची सही लागत होती, ती मी केली. वाचून केली.

आता ती रोज सकाळच्या एस.टी.ने जाते. तळहाताला पक्कडीचे घट्टे पडले आहेत. परवा तिने माजघरातला जळका होल्डर बदलला आणि आमच्या घराला अर्थिंग नीट नाही, हे मला अर्धा तास समजावून सांगितले. मला त्यातले निम्मे कळले. तिचा निर्णय मला अजून पटलेला नाही, आणि हे तिला पक्के ठाऊक आहे. तरी संध्याकाळी आली की चपला काढता काढताच ती सांगायला सुरुवात करते: आज मास्तर काय म्हणाले, कोणाला झटका बसला, आणि तिचे स्वतःचे काय चुकले.