फरिश्त्यांहून मोठा कोण?

हजरत आदम (अ.स.) यांचा किस्सा वर्गात चालू होता. फरिश्त्यांनी सजदा केला, इब्लिस अडून बसला, इथवर आलो आणि एका मुलाने विचारले, "सर, ख्रिश्चन लोकही हजरत ईसांना फरिश्त्यांहून मोठे मानतात. मग फरक काय?" "ते त्यांना खुदाचा बेटा मानतात, आपण मानत नाही," एवढे सांगून आम्ही पान उलटले. उत्तर चूक नव्हते, पण घरी येईपर्यंत बोचत राहिले.

नव्या करारात 'इब्री लोकांस पत्र' आहे. त्याचा पहिला अध्याय याच विषयाचा. जुन्या शास्त्रातली वचने एकामागून एक मांडून लेखक म्हणतो की देवदूत हे सेवक, ख्रिस्त मात्र पुत्र आणि वारस; देवदूतांनी त्याला वंदन करावे. सूरे इख्लासवर वाढलेल्या माणसाची वाट इथे वेगळी होते, आणि ती वेगळीच राहणार. पण दुसऱ्या अध्यायात आम्ही थबकलो. तिथे तोच ख्रिस्त थोड्या काळासाठी देवदूतांहून खाली आणला जातो. का? रक्तमांस घ्यावे, कसोटीला उतरावे, मरण चाखावे म्हणून. त्याची मदत देवदूतांसाठी नाही, हजरत इब्राहीमच्या वंशजांसाठी आहे. म्हणजे त्या श्रद्धेत ख्रिस्ताचा मोठेपणा नुसता तख्तावर बसण्याचा नाही, खाली उतरण्याचाही आहे. हे आम्ही मुलाला सांगितलेच नव्हते.

ख्रिश्चनांतही यावर कडाक्याचे वाद झाले. ख्रिस्त देवदूतांहून श्रेष्ठ 'झाला' असे पत्रात आहे. जो 'होतो' तो निर्माण केलेलाच, असे आरियसपंथी म्हणत. अथनेशियसचा जवाब असा की ही तुलना एकाच जातीच्या दोघांची नाहीच. ३२५ साली निकियाच्या परिषदेने आरियसला नाकारले.

आमच्या घरातही हा वाद आहे. सूरे निसाच्या १७२व्या आयतीचा आशय असा, की खुदाची बंदगी ना मसीहला कमीपणाची वाटते, ना निकटच्या फरिश्त्यांना. फरिश्त्यांचा उल्लेख नंतर आला, यावरून मुअतझिली पंथाचे जमख्शरी (मृत्यू ११४४) यांनी फरिश्ते श्रेष्ठ ठरवले. बहुतेक अशअरी उलेमांना ते पटले नाही. फरिश्त्याला ना भूक, ना वासना. माणूस हे सारे ओढत आज्ञा पाळतो, म्हणून पैगंबरांचा दर्जा वरचा, अशी त्यांची एक दलील होती.

सुळावरचे मरण आम्ही मानत नाही, पुत्रत्वही नाही. तरी थोरवी मातीच्या देहात शोधणे दोन्हीकडे आहे. मातीला हिणवले ते इब्लिसने: मी आगीचा, हा चिखलाचा. निकाह जुळवताना आमच्या बिरादऱ्यांत ही दलील आजही ऐकू येते. आगीच्या जागी खानदानाचे नाव असते, इतकेच.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला आम्ही सर्वांसमोर सांगितले, की कालचे उत्तर अर्धे होते. मग दोन्ही अध्याय समजावले. तास संपला तरी धडा पुढे सरकला नाही.