मी आहे ना!

मुंबईत फोर्टमध्ये एका मध्यम आकाराच्या बँकेचा ट्रेझरी विभाग होता. तिथल्या बॅक ऑफिसचे प्रमुख सबनीस साहेब. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती. ते स्वतः हे कधी सांगत नसत, सांगायची गरजच पडत नसे. नवं कुणी रुजू झालं की शिपाई गावडे काका पहिल्या चहालाच सांगून टाकत, "साहेबांना टायफॉइड झाला होता ना, तेव्हा सलाइन काढून थेट ऑफिसला आले होते." गोष्टीत मीठमसाला किती होता कोण जाणे, पण ऐकणाऱ्याला जे कळायचं ते बरोबर कळत असे.

साहेबांचं एक पालुपद होतं, "मी आहे ना!" कुणाला काही अडलं, कुणी काही विसरलं, कुणाच्या घरी लग्न निघालं, तरी उत्तर एकच. माणूस खरंच भला होता. हाताखालच्यांना लग्नाला, मुंजीला, गावच्या जत्रेला रजा देताना त्यांनी कधी खळखळ केली नाही. पण अंगात ताप आहे म्हणून त्यांच्याकडे रजा मागायला कुणाची जीभ रेटत नसे. जो माणूस सलाइन काढून येतो, त्याला "सर, जरा कणकण आहे" असं कोणत्या तोंडानं सांगणार?

बॅक ऑफिसचं काम तसं नाव नसलेलं. डीलर मंडळी दिवसभर फोनवर आणि पडद्यावर सौदे करतात, रोखे घेतात-विकतात, दुसऱ्या बँकांकडून एका रात्रीपुरते पैसे उसने घेतात. ते सौदे पुरे करून पैसा खरोखर या बँकेतून त्या बँकेत धाडायचा, हे बॅक ऑफिसनं करायचं. तिथे एक जण नोंद करतो, तो मेकर. दुसरा ती तपासून मंजूर करतो, तो चेकर. एकट्या माणसाच्या हातून पैसा बाहेर पडू नये, यासाठी ही जोडी. इथे मेकर होती रेश्मा, डोंबिवलीहून येणारी, तीन वर्षांची नोकरी झालेली. चेकर स्वतः साहेब. दुसऱ्या चेकरची पुण्याला बदली होऊन वर्ष उलटलं होतं. बदली माणूस हवा का, असं एच. आर.नं दोनदा विचारलं. साहेबांनी दोन्ही वेळा कळवलं, "तूर्त नको. मी आहे ना."

२०२३ चा मार्च आला. त्या महिन्यात देशभर एच३एन२ फ्लूनं माणसं खोकत होती. इंडियन मेडिकल असोसिएशननं सांगून ठेवलं होतं की ताप साधारण तीन दिवसांत उतरतो, खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळतो, आणि अशा विषाणूच्या तापावर उगाच अँटिबायोटिक घेऊ नका. पण बँकांचा मार्च म्हणजे इयर एंडिंग. केमिस्टकडून अॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणायची, वर एक पॅरासिटामॉल घ्यायची आणि लोकल पकडायची, हाच सगळ्यांचा उपचार. त्या बंद एसीच्या खोलीत आधी एक डीलर खोकू लागला, मग दुसरा, मग रेश्मा. सोमवारी, २७ तारखेला, ती शाल पांघरून कामाला बसली. गावडे काकांनी आल्याचा चहा आणून दिला आणि हळूच विचारलं, "घरी का नाही राहिलीस पोरी?" तिनं साहेबांच्या केबिनकडे नुसती मान वळवली. मंगळवारी साहेबांचाही घसा धरला. बुधवारी सकाळी त्यांना एकशे दीड ताप होता.

बुधवार, २९ मार्च. गुरुवारी रामनवमीची बँकांना सुट्टी, शुक्रवारी आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. दोन दिवसांचं काम एका दिवसात रेटायचं होतं. आदल्या दिवशी बँकेनं दुसऱ्या एका बँकेकडून २५ कोटी रुपये एका रात्रीसाठी ६.६० टक्क्यांनी उचलले होते. ते व्याजासकट परत करायचे होते, २५,००,४५,२०५ रुपये ४८ पैसे. रेश्मानं नोंद केली, पण सेव्ह करताना सिस्टिम अडकली. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. डोकं ठणकत होतं. नोंद गेली नसावी असं समजून तिनं ती पुन्हा केली. एरवी ती आधी यादी उघडून बघत असे. त्या दिवशी नाही बघितली.

साहेबांची तपासण्याची रीत ठरलेली होती. छापील डील स्लिप डाव्या हाताला, तिच्यावर लाकडी पट्टी, पट्टी एकेक ओळ खाली सरकवायची, पडद्यावरची रक्कम पैशांपर्यंत वाचायची, मगच लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण. संध्याकाळी पावणेसातला त्यांच्या रांगेत सत्तावीस नोंदी मंजुरीची वाट बघत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पट्टी ड्रॉवरमध्येच राहिली. एकाच बँकेच्या नावावर, ४८ पैशांसकट सारख्या रकमेच्या दोन नोंदी पाठोपाठ आल्या. त्या दिवसांत एकेका बँकेशी तीन-तीन सौदे होत होते. साहेबांनी दोन्ही मंजूर केल्या.

रात्री नऊच्या सुमारास रिझर्व्ह बँकेतल्या खात्याची शिल्लक २५ कोटींनी कमी निघाली. डीलरचा फोन आला तेव्हा साहेब मुलुंडला गाडीत उभे होते. त्या दुसऱ्या बँकेचं बॅक ऑफिस कधीच बंद झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. शेवटी खड्डा भरायला रिझर्व्ह बँकेच्या एमएसएफ या तातडीच्या कर्जाच्या खिडकीतून ६.७५ टक्क्यांनी पैसे उचलावे लागले, थेट शुक्रवारपर्यंतचे. दोन रात्रींचं व्याज साडेब्याण्णव हजारांच्या आसपास गेलं. शुक्रवारी, वर्षातल्या सर्वांत धावपळीच्या दिवशी, अर्धा विभाग ते २५ कोटी परत मिळवण्याच्या पत्रव्यवहारात अडकला. पैसे आले. बँकेच्या हिशेबात नुकसान फार मोठं नव्हतं.

तरी कुणाला तरी धरायला हवं होतं. नोंद दोनदा रेश्मानं केली, म्हणून मेमोचा मसुदा तिच्या नावानं तयार झाला. तो निघण्याआधी कॉन्करंट ऑडिटच्या बाई विभागात आल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी साहेबांसमोर खुर्ची ओढली.

"त्या दिवशी तुम्हाला ताप होता?"

"किरकोळ. काम थांबू दिलं नाही मी."

"तुम्ही नसता आलात, तर चेकर कोण होतं?"

साहेब जरा थांबले. "दुसरं कुणी नाही. पण तशी वेळच कधी आली नाही."

बाईंनी दोन कागद समोर ठेवले. "हे रजेचं रजिस्टर. ट्रेझरीच्या माणसाला वर्षातून एकदा किमान दहा कामाचे दिवस, सलग, आधी न सांगता रजेवर धाडायचं, असा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०२१ चा आदेश आहे. त्या काळात त्यानं कामाच्या सिस्टिमला हात लावायचा नाही, फार तर ऑफिसचा ई-मेल बघायचा. यात लिहिलंय, डिसेंबरमध्ये तुम्ही दहा दिवस रजेवर होतात. आणि हा सिस्टिमचा लॉग. त्या दहाही दिवशी तुमच्या आयडीवरून मंजुऱ्या झाल्यात. साहेब, यातला खोटा कागद कोणता?"

"मॅडम, मी घरी बसून बँकेचंच काम करत होतो. फुकट! माझ्यावर संशय घेताय?"

"संशय असता तर माझं काम सोपं होतं," बाई म्हणाल्या. "दाइवा बँकेच्या न्यूयॉर्क शाखेतला इगुची ठाऊक आहे ना? सौदेही तोच करायचा, हिशेबही तोच ठेवायचा. १९९५ मध्ये उघडकीला आलं तेव्हा तोटा १.१ अब्ज डॉलरवर गेला होता आणि लपवाछपवी अकरा वर्षांहून जुनी निघाली. सोसिएते जेनेराल बँकेतला केर्व्हिएल. २००८ च्या जानेवारीत ४.९ अब्ज युरोंचा खड्डा. आदल्या वर्षी या माणसानं जवळपास रजाच घेतली नव्हती. रजेवर गेला असता तर त्याची वही दुसऱ्यानं उघडली असती. आपल्या धंद्यात सक्तीची रजा आली ती अशा माणसांमुळे."

"मी त्यातला नाही."

"नाहीच. पण बाहेरून बघणाऱ्याला तुम्ही आणि ते सारखेच दिसता. तेही रोज येत, तुम्हीही रोज येता. त्यांची वही दुसऱ्यानं उघडलेली नव्हती, तुमचीही नाही. फरक तुमच्या सचोटीचा आहे आणि सचोटी मला रजिस्टरमध्ये दिसत नाही." उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "आणि त्या मुलीला मेमो देण्याआधी एकदा विचारा, ताप असताना ती कामावर आली कशाला?"

साहेबांनी रेश्माला बोलावलं. ती उभीच राहिली. प्रश्न ऐकून तिनं आधी जमिनीकडे बघितलं, मग सरळ सांगितलं, "सर, तुम्ही कधीच रजा घेत नाही. मला वाटलं, इथे घ्यायची नसते."

त्या संध्याकाळी साहेबांनी दोन पत्रं लिहिली. एकात त्यांनी कळवलं की मंजुरीची जबाबदारी आपली, मेमो आपल्या नावानं काढावा. दुसऱ्यात वर्षापूर्वी नाकारलेला दुसरा चेकर मागितला. मेमो निघाला, साहेबांनी सही करून घेतला. नवा चेकरही रुजू झाला.

एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी साडेसातला एच. आर.चा फोन आला, "साहेब, आजपासून दहा दिवस येऊ नका. आयडी बंद केलाय." पहिले दोन दिवस साहेबांचा हात सारखा फोनकडे जात होता. इकडे विभागात पहिल्याच दिवशी तीन गोष्टी निघाल्या. रोजच्या ताळमेळाची एक एक्सेल फाइल फक्त साहेबांच्या पासवर्डनं उघडत होती. चार बँकांच्या संपर्काचे नंबर त्यांच्या डायरीशिवाय कुठेही नव्हते. आणि एका जुन्या सौद्यातले साडेतीन लाख रुपये वर्षभर येणं बाकी होते. साहेब स्वतः त्याचा पाठपुरावा करत होते, म्हणून दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं. लबाडी कशातच नव्हती. पण साहेबांना एखाद्या दिवशी गाडीत भोवळ आली असती, तर या तिन्ही ठिकाणी बँक आंधळी होती. नव्या चेकरनं आणि रेश्मानं मिळून चार दिवसांत सगळं लिहून काढलं. पाचव्या दिवसापासून काम वेळेत संपू लागलं.

साहेब परत आले, तेव्हा आपल्यावाचून काहीच अडलं नाही हे बघून त्यांना थोडं वाईट वाटलं. हे त्यांनी गावडे काकांपाशी कबूलही केलं. काका म्हणाले, "साहेब, तुम्ही काम चांगलं शिकवलं होतं, म्हणून अडलं नाही. नुसतं करू देत नव्हता."

ऑगस्टमध्ये साहेबांना पुन्हा ताप आला. सकाळी विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा निरोप आला, "ताप आहे. तीन दिवस आजारपणाच्या रजेवर. फोन बंद ठेवतोय. चेकर जागेवर आहेत." खाली बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकेकाचा अंगठा उमटू लागला. दोन आठवड्यांनी एका डीलरला कणकण आली. त्यानं खोकत ऑफिस गाठण्याऐवजी एक ओळीचा निरोप टाकला आणि घरी झोपला. त्या वेळी विभागात दुसरं कुणी आजारी पडलं नाही.

तात्पर्य: आजारपणाची रजा नियमाच्या पुस्तकात सगळ्यांनाच असते, पण ती मिळते साहेबाच्या वागण्यातून. वरच्यानं ताप अंगावर काढला की खालच्याची रजा आपोआप नामंजूर होते, कागदावर कुणी सही करो वा न करो. पैशाच्या धंद्यात दुसऱ्याची सही लागते, दुसऱ्याचे डोळे लागतात. तापानं तारवटलेले डोळे त्या हिशेबात धरता येत नाहीत. ज्या खुर्चीचं काम एका माणसाच्या तापानं बंद पडतं, ती खुर्ची त्या माणसाचा मोठेपणा दाखवत नाही, संस्थेचा धोका दाखवते. तेव्हा तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर पुढच्या तापाला घरी थांबा, आणि थांबलोय हे सगळ्यांना कळेल असं सांगा.