दिवस मोजायचे कशासाठी?

बायबलमधलं ९०वं स्तोत्र माणसाचं आयुष्य ७०, फार तर ८० वर्षं धरतं. ७० म्हणजे जेमतेम साडेपंचवीस हजार दिवस. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा आकडा डेडलाइनच वाटतो: चला, तास न् तास वसूल करा! पण स्तोत्रकर्ता दिवस मोजायला शिकू पाहतो ते शहाणपण यावं म्हणून. आणि शेवटी तो मागतो काय, तर हातचं काम देवाने टिकवावं. म्हणजे ते टिकवणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, हे त्याला ठाऊक आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरंच होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. मग आजचा दिवस कशाला द्यायचा? अपुरं राहिलं तरी कुणी आपुलकीने उचलेल, अशा एखाद्या कामाला.