अनारसे कुणाच्या हातचे?

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी पाठवण्याची रीत आपल्या उधन्यातल्या जुन्या मराठी घरांतून अजून पुरती मोडलेली नाही. विणलेल्या रुमालाखाली चकली, करंजी, शेव, शंकरपाळे, चिवडा आणि एका कोपऱ्यात अनारसे. तेही दोनच, कारण ते सर्वांत कष्टाचे. ताट पोचले की त्या घरातली वडीलधारी बाई चकली मोडून पाहते आणि विचारते, ‘सगळे घरचेच ना?’ प्रश्न वरवर चवीचा असतो. प्रत्यक्षात ती एका गृहिणीची परीक्षा असते. या परीक्षेत मी एकदा खोटे बोललो. ते अजून मनातून जात नाही, म्हणून हा लेख.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझी मावशी नंदुरबारहून आली होती. वय चौऱ्याऐंशी, दात शाबूत, जीभ त्याहून शाबूत. सौभाग्यवतीचे गुडघे गेल्यापासून आमच्याकडे करंजी आणि शेव तेवढी घरी होते. बाकीचे लिंबायतकडच्या एक बाई करून देतात. त्यांचे यजमान लूमवर आहेत आणि दिवाळीआधीचा महिनाभर त्यांच्या घरातली कढई उतरत नाही. मावशीने अनारशाचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारले, ‘कोना हातना शेतस रे भाऊ?’ मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, ‘हिच्याच.’

रात्री सौभाग्यवतीने विचारले, ‘त्या बाईंचे अनारसे माझ्या नावावर का खपवलेत?’ मी म्हणालो, ‘तुझा मान राहावा म्हणून.’ ती म्हणाली, ‘म्हणजे विकतचे आणले की माझा मान जातो, असे तुम्हालाच वाटते.’

मला उत्तर सुचले नाही. ते शोधताना पहिल्यांदा डोळ्यांसमोर आले ते आपले सुरती शेजारी. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सुरतकर घारी खातो. मावा आणि सुकामेवा भरलेली, वरून तुपाने माखलेली ही घारी तो दुकानातून किलोकिलोने आणतो आणि सहकुटुंब उघड्यावर बसून भुशाबरोबर खातो. दसऱ्याला फाफडा-जिलेबीच्या रांगा लागतात, उत्तरायणला उंधियू वजनावर मिळतो. ‘घरचे का?’ असे कुणी विचारत नाही. उलट कोणत्या दुकानातले, हे अभिमानाने सांगितले जाते. घारीचा संबंध तात्या टोपे यांच्या सैनिकांशी जोडणारी एक आख्यायिकाही या शहरात सांगतात. ती खरी असेल तर मराठी माणसाने हलवायाच्या हातचे खाल्ल्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली म्हणायची! मग तीच वस्तू विकत आणताना सुरतकर पिशवी मिरवत आणतो आणि आपण ती पदराआड का आणतो? त्यांच्या सणात विकत घेणे हा सणाचाच भाग आहे. आपल्या सणात ती कसूर ठरते.

पण ‘घरचे’ म्हणजे नेमके किती घरचे? अनारशाचेच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत निथळून ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ मिसळून पीठ मुरत ठेवायचे. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचे. इतके करून गुळाचा अंदाज चुकला की अनारसा कढईत ‘हसतो’, आणि करणारीला रडू येते. आता यातले तयार पीठ बाजारात मिळते. ते आणून घरी तळले तर अनारसा घरचा की दारचा? चकलीची भाजणी माझी आई घरी भाजत असे, पण दळायला गिरणीतच जाई. पापड तर आपण केव्हाच सोडून दिले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर गच्चीत पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. तिथल्या भगिनी मळलेले पीठ घरी नेतात आणि पापड लाटून परत आणून देतात. म्हणजे तो पापडही घरीच लाटलेला असतो. घर फक्त दुसऱ्या कुणाचे तरी असते.

या शेवटच्या वाक्यापाशी मी थबकलो. माझे आयुष्य सरकारी कचेरीत गेले. तिथे टिपणी कारकून लिहितो, सही साहेबाची होते. साहेबाने प्रत्येक टिपणी स्वतः लिहावी अशी अपेक्षा कुणी करत नाही. मात्र फाइलवर खाली डाव्या कोपऱ्यात कारकुनाची आद्याक्षरे असतात. वर्षांनंतर फाइल उघडली तरी ती कुणी तयार केली, हे कळते. ती आद्याक्षरे खोडून फाइल पुढे सरकवली असती, तर त्याला मी सचोटी म्हटले नसते. फराळाच्या ताटात मी नेमके तेच केले होते. दाम चुकते केले होते, हे खरे. पण दामात नाव विकत मिळत नाही.

नैवेद्याचा मुद्दा काही वाचक काढतील. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागितले आहे. यातले एकही कुणाला घरी तळावे लागत नाही. अट आहे ती भक्तीची. देवाची सोय अशी सोपी आहे. अडचण आहे ती पाहुण्यांची आणि आपली स्वतःची.

आणि ‘आपली’ म्हणताना पुरुषांनी जरा जपून बोलावे. घरच्या फराळाचा आग्रह आमच्या पिढीत सर्वांत मोठ्याने धरला तो आम्ही, आणि झाऱ्याला हात लावला नाही तोही आम्हीच. आईने किती रात्री कढईपुढे काढल्या, हे मी कधी मोजले नाही. कचेरीतला जादा वेळ मात्र तासागणिक मोजला. ‘हिच्याच हातचे’ हे माझे उत्तर सौभाग्यवतीच्या मानासाठी नव्हतेच. आमच्या घरात अजून सगळे जिथल्या तिथे आहे, हे मला मावशीला दाखवायचे होते.

तरीही सारे विकत आणावे, असे मला म्हणता येत नाही. करंज्यांच्या दिवशी चार घरच्या बायका पाळीपाळीने एकेकीकडे जमत. कुणी लाटी करी, कुणी सारण भरी, कुणी कातण फिरवी. त्या बैठकीत सुनांची दुखणी निघत, सोयरिकी जुळत, गावाकडच्या बातम्या कळत. परक्या प्रांतात आपल्या आयांना ती बैठक किती लागत असेल, याची कल्पना आता येते. विकतच्या डब्यात करंजी येते, बैठक येत नाही. पण ती बैठक मोडली म्हणून हळहळणाऱ्या मला त्या बैठकीत पाट मांडून बसायला कुणी मना केले नव्हते, हेही खरे.

गेल्या दिवाळीत मी चिवडा केला. पोहे बरे भाजले गेले, शेंगदाणे करपले. मावशी आली, ताट पुढे आले, तिने अनारसा उचलला आणि तोच प्रश्न विचारला. मी लिंबायतच्या बाईंचे नाव सांगितले, त्या मूळच्या शिरपूरकडच्या, हेही सांगितले. ‘अस्सं’ म्हणून मावशीने हातातला अनारसा संपवला. दुसरा घेतला नाही. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती येऊन मावशीशेजारी बसली आणि तिने स्वतः एक अनारसा घेतला. मावशी माझ्या चिवड्यातले करपलेले दाणे एकेक वेचून ताटाच्या कडेला ठेवत होती.